ख्रिस्ती घरात मरण येतं तेव्हा: पुनरुत्थानाची आशा म्हणजे नेमकं काय?

गोव्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडलं की एका पानावर फोटोंची रांग असते. कुणी काल गेलेलं, कुणाची महिन्याची मिस (चर्चमधला प्रार्थनाविधी), कुणाला जाऊन दहा वर्षं झालेली. फोटोखाली गावाचं नाव, इगर्जीचं म्हणजे चर्चचं नाव, वेळ. ओळखीचा चेहरा दिसला तर आपण मयताला जातो, फुलं वाहतो, शेवटच्या बाकामागे उभे राहतो. पाद्री कोकणीत बोलतात, त्यामुळे शब्द सगळे कळतात. मेलेले पुन्हा जिवंत होणार, असं काहीतरी कानावर पडतं. घरी परतताना आपण मनाशी अर्थ लावून टाकतो: म्हणजे आत्मा देवाघरी गेला, आपल्यासारखंच.

हा अर्थ अर्धाच बरोबर आहे. राहिलेला अर्धा भाग हाच ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, आणि तो वाटतो त्याहून बराच धाडसी आहे. ख्रिस्ती शेजाऱ्याच्या दुःखात सहभागी व्हायचं, तर तो समजून घेतलेला बरा. जे स्वतः ख्रिस्ती आहेत आणि लहानपणापासून 'क्रेद', म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणत आले आहेत, त्यांनाही घरात मरण आल्यावरच त्या ओळी पहिल्यांदा ऐकू येतात, असं मी पाहिलं आहे.

शरीर म्हणजे जुनं वस्त्र नव्हे

आपल्याकडे मयताच्या घरी गीतेतला दुसरा अध्याय हमखास आठवतो. माणूस जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा आत्मा जुनी शरीरं टाकून नव्या शरीरात जातो. आत्म्याला शस्त्र कापत नाही, आग जाळत नाही. या विचारात मोठा दिलासा आहे: जे मेलं ते मुळात 'तो' नव्हतंच.

ख्रिस्ती विचार या ठिकाणी वेगळी वाट धरतो. त्याच्या दृष्टीने शरीर हे माणसाने अंगावर घातलेलं वस्त्र नाही, शरीरासकट सगळा मिळून तो माणूस आहे. ज्या हातांनी आईने भाकऱ्या थापल्या, ते हात आईच होते. म्हणून मरण हा नुसता कपडे बदलण्याचा प्रकार ठरत नाही, ती खरीखुरी मोडतोड असते. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात लिहिलेल्या पत्रात मरणाला सरळ 'शत्रू' म्हटलं आहे, सर्वांत शेवटी नाहीसा होणारा शत्रू. मरण म्हणजे मित्र, मुक्ती, विश्रांती असं आपण सांत्वनासाठी सहज बोलून जातो. नव्या करारातल्या या पत्राचा सूर तसा नाही.

मग आशा कशाची? देवाने जो माणूस घडवला त्याला तो अर्धवट सोडणार नाही, याची. आज आत्मा देवापाशी आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, शरीरासह, आणि ते शरीर पुन्हा मरणारं नसेल. दर रविवारी मिसेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या कबुलीत शेवटी हेच येतं: मेलेल्यांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची वाट पाहणं. वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या गुन्हेगाराला येशू म्हणतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. हा झाला आजचा भाग. उरलेला भाग अजून यायचा आहे. मयताच्या घरी बहुतेक वेळा पहिलाच भाग बोलला जातो, कारण तो समजायला सोपा आहे.

पहिलं कणीस

येशूच्या काळात ज्यू लोकांमध्ये या प्रश्नावर उघड वाद होता. यरुशलेमच्या मंदिराभोवतीचा सदूकी पंथ पुनरुत्थान मानत नसे, परूशी पंथ मानत असे. मानणाऱ्यांचीही समजूत अशी की ते होईल ते काळाच्या शेवटी, सगळ्यांचं एकदम. मधेच एखादा माणूस कबरीतून उठेल आणि बाकीचं जग पूर्वीसारखंच चालू राहील, हे कुणाच्या हिशेबात नव्हतं. म्हणून तर शुक्रवारी येशूला वधस्तंभावर मारल्यावर त्याचे शिष्य रविवारची वाट पाहत बसले नव्हते. दारं लावून घाबरून बसले होते. रविवारी पहाटे काही स्त्रिया कबरीकडे गेल्या त्या मृतदेहाला सुगंधी द्रव्यं लावायला. उत्सवाची तयारी कुणीच केलेली नव्हती.

त्यांना कबर रिकामी दिसली, आणि पुढच्या दिवसांत तो अनेकांना भेटला, अशी त्यांची साक्ष आहे. मग प्रश्न उभा राहिला: एकटाच का उठला? बाकीच्यांचं काय? पौल याचं उत्तर शेतातून देतो. ख्रिस्त हा झोपी गेलेल्यांपैकी प्रथमफळ आहे, असं तो लिहितो.

गोव्यात हे वाक्य समजायला पुस्तक लागत नाही. ऑगस्टात साष्टी, तिसवाडीच्या गावांत कोंसाचं फेस्त होतं. पाद्री मिरवणुकीने शेतात जातात, भाताची पहिली कणसं कापतात, त्यांना आशीर्वाद देऊन ती इगर्जीत वेदीवर ठेवतात आणि मग घरोघरी नेतात. आपल्याकडेही चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवं आणून कणसं दारावर बांधतात. त्या दिवशी बाकीचं शेत अजून उभंच असतं, कापणी पुढे असते. पण हातातलं कणीस दोन गोष्टी सांगतं: पीक येणार हे नक्की, आणि येईल ते याच जातीचं. येशूच्या उठण्याकडे ख्रिस्ती माणूस असं पाहतो. एका थोर पुरुषाच्या बाबतीत घडलेला चमत्कार म्हणून ते तो साजरं करत नाही. आपल्या आजीचं, आपल्या मुलाचं पुढे काय होणार, त्याची पहिली खूण म्हणून करतो. ज्यू परंपरेतही वल्हांडणाच्या आठवड्यात पहिली पेंढी मंदिरात अर्पण करायची रीत होती, आणि येशूचं मरण त्याच सणात झालं. पौल स्वतः ज्यू होता, त्यामुळे त्याने ही उपमा काही हवेतून काढलेली नाही.

ही कथा मराठीलाही परकी नाही, हे जाता जाता सांगायला हवं. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने सबंध ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ साली साष्टीतल्या राचोल इथे ती रोमी लिपीत छापली गेली. गोव्यातले नवख्रिस्ती पुनरुत्थानाची गोष्ट ओवीच्या चालीवर ऐकत होते त्याला चारशे वर्षं उलटून गेली.

जखमा गेल्या नाहीत

आता यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही.

पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस पुन्हा श्वास घेऊ लागणं नव्हे. तशी गोष्ट शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, आहे, ती लाजराची. चार दिवस कबरीत असलेला लाजर येशूच्या हाकेने बाहेर आला. पण तो परत त्याच जुन्या आयुष्यात आला, आणि पुढे कधीतरी पुन्हा मेला असणार. बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं. येशूचं उठणं वेगळ्या जातीचं सांगितलं आहे. तो बंद दारांच्या खोलीत येऊन उभा राहतो, पण भूत नाही: भाजलेल्या माशाचा तुकडा मागून घेतो आणि सगळ्यांसमोर खातो. जवळची माणसं त्याला चटकन ओळखत नाहीत. मरिया मग्दालिया तर त्याला माळी समजते. तो तिला नावाने हाक मारतो तेव्हा ती ओळखते.

आणि त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच आहेत. संशय घेणाऱ्या थोमा या शिष्याला तो त्याच दाखवतो.

विचार करून पाहा, हे किती चमत्कारिक आहे. मरणावर मात करणाऱ्या शरीराला चार जखमा बुजवता आल्या नसत्या का? पण त्या राखल्या आहेत. यातून ख्रिस्ती परंपरेने जे घेतलं ते शोक करणाऱ्यासाठी मोलाचं आहे: त्या माणसाचा इतिहास पुसला जाणार नाही. तो सोसलेलं सगळं विसरून कुणी भलताच होणार नाही, कुठल्याशा तेजात विरघळूनही जाणार नाही. तो तोच असेल, ओळखू येईल, आपल्यालाही नावाने ओळखेल. कर्करोगाने झिजून गेलेल्या बापाला शेवटचे महिने उचलून बसवलेल्या मुलीला, ते महिने व्यर्थ नव्हते, तेही त्या माणसाचाच भाग म्हणून जपले जातील, असं ही श्रद्धा सांगते. फक्त आता ते दुखणार नाही.

हे शरीर नेमकं कसं असेल, असं करिंथच्या लोकांनी विचारलंच होतं. पौल जरा वैतागूनच उत्तर देतो: पेरतो ते बी आणि उगवतं ते रोप एकसारखं दिसतं का? यापुढे तो तपशिलात शिरत नाही. वय किती असेल, जेवण असेल का, या प्रश्नांवर नंतरच्या पंडितांनी पुष्कळ शाई खर्च केली. मला पौलाचं थांबणं जास्त प्रामाणिक वाटतं.

रडायचं की नाही?

'रडू नका, ती देवाघरी सुखात आहे.' मयताच्या घरी हे वाक्य इतक्यांदा बोललं जातं की ती जणू ख्रिस्ती शिकवणच वाटावी. तशी ती नाही. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र हे ख्रिस्ती लिखाणांतलं अगदी सुरुवातीचं, सुमारे इसवी सन ५० चं. तिथे काहीजण मेले होते आणि मागे राहिलेले गोंधळले होते. पौल त्यांना सांगतो की ज्यांना आशा नाही अशांसारखा शोक करू नका. शोक करूच नका, असं तो म्हणत नाही. शोक हवा तेवढा, त्यात आशेला जागा असू द्या, एवढंच.

याहून स्पष्ट उदाहरण पुन्हा लाजराच्याच गोष्टीत आहे. लाजर आजारी असल्याचा निरोप आला तरी येशू दोन दिवस निघत नाही. पोचतो तेव्हा सगळं संपलेलं असतं. बहीण मार्था वाटेतच गाठून म्हणते, प्रभू, तुम्ही इथे असतात तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरिया येते आणि शब्दाला शब्द तेच म्हणते. दोघी घरात बसून हेच बोलत होत्या, हे उघड आहे. डॉक्टर वेळेवर आला असता तर, मुलगा आखातातून लवकर निघाला असता तर. शोकाचं वाक्य बहुधा याच साच्यात येतं. येशू मार्थाला म्हणतो, पुनरुत्थान आणि जीवन मी आहे. लाजराला आपण उठवणार हे त्याला ठाऊक आहे. आणि तरीही कबरीकडे जाताना तो रडतो. 'येशू रडला', बायबलमधल्या सर्वांत लहान वचनांपैकी हे एक.

ज्याला शेवट माहीत आहे तोही रडतो, तर मग आपल्याला रडू नको म्हणणारे कोण? श्रद्धा पक्की असेल तर डोळे कोरडे राहतील ही अपेक्षा मला क्रूर वाटते, मग ती कितीही गोड आवाजात सांगितलेली असो. 'देवाची इच्छा' हे वाक्यही तसंच. तरुण मुलगा दुचाकीच्या अपघातात गेलेल्या आईसमोर ते न बोललेलं बरं. जे मरणाला शत्रू म्हणतात त्यांच्या शिकवणीतूनही ते सरळ निघत नाही.

गोव्यातल्या रीतींत हे कुठे दिसतं

इगर्जीत पेटी आणली की तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. ते बाप्तिस्म्याच्या पाण्याची आठवण असते: लहानपणी ज्या पाण्याने हा प्रवास सुरू झाला त्याच पाण्याने निरोप. पेटीजवळ पेटवलेली उंच मेणबत्ती दिसली तर ती पास्काची, म्हणजे ईस्टरची. ईस्टरच्या आदल्या रात्री काळोखात नवा अग्नी पेटवतात, त्यावर ही पेटते आणि तिच्यावरून लोकांच्या हातातल्या मेणबत्त्या. वर्षभर ती बाप्तिस्म्याला आणि मयताला लावतात. मयताची मिस ही छोट्या प्रमाणावर ईस्टरच आहे, हे त्या मेणबत्तीवरून कळतं. जुन्या लोकांना काळी वस्त्रं घातलेले पाद्री आणि न्यायाच्या दिवसाचं भयाण लॅटिन गीत आठवत असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक बिशपांची रोममधली मोठी सभा) १९६९ साली अंत्यविधी नव्याने मांडले गेले, त्यात भीतीचा सूर मागे सरून पास्काचा सूर पुढे आला. आता बहुतेक वेळा जांभळी किंवा पांढरी वस्त्रं दिसतात. आणि मिसेच्या प्रार्थनेत एक ओळ येते, जिचा अर्थ असा की श्रद्धावंतांचं जीवन बदलतं, हिरावून घेतलं जात नाही.

घरी तेर्स (जपमाळेची प्रार्थना), मग सातव्या दिवसाची मिस, महिन्याची, वर्षाची. २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचा दिवस, तेव्हा गावागावांतल्या सिमितेरी (दफनभूमी) फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरून जातात. लग्नाआधी काही घरांत भिकाऱ्यांचं जेवण घालतात, घरातल्या मृतांच्या नावाने. आपल्या श्राद्धाची आठवण यावी अशी ही रीत आहे, आणि ती येण्यात काही चूक नाही. मृतांसाठी प्रार्थना का, तर कॅथलिक शिकवणीप्रमाणे देवापाशी जाताना माणसाची शुद्धी होते आणि जिवंतांची प्रार्थना त्याला साथ देते. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळी हे मानत नाहीत. पुनरुत्थान मात्र दोघंही मानतात.

आता एक अडचणीचा प्रश्न, जो गोव्यात उघड्या डोळ्यांनी दिसतो. इथल्या सिमितेरींत जागा कमी. साधी कबर काही वर्षांनी उघडतात, अस्थी काढून बाजूला ठेवतात आणि तिथे दुसऱ्याला पुरतात. शरीर उठणार म्हणता, पण शरीर राहिलंय कुठे?

देहाचा साठा राखणं ही पुनरुत्थानाची अट कधीच नव्हती. ज्याने मातीतून घडवलं त्याला पुन्हा घडवता येईल, असा साधा विश्वास त्यामागे आहे. समुद्रात बुडालेल्या तारवटी माणसांसाठी, जळून गेलेल्यांसाठीही तेच. म्हणून १९६३ साली कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली. पुरण्याला पसंती अजूनही आहे, कारण येशूला पुरलं होतं. २०१६ मध्ये रोमने स्पष्ट केलं की दहन केलं तरी राख विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. नदीत अस्थिविसर्जन करणाऱ्या आपल्याला हे कडक वाटेल. त्यामागचं एक कारण असं की हे शरीर कुणाचं होतं हे नावानिशी लक्षात राहावं.

जुन्या गोव्याच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला जाणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. संत फ्रान्सिस झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आला. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात प्रदर्शन झालं तेव्हा सगळ्या धर्मांचे लोक रांगेत होते. टिकलेला देह म्हणजे पुनरुत्थान, असं अनेकजण धरून चालतात. तसं नाही. तो देह सुकलेला आहे, आणि त्यांच्या उजव्या हाताचा पुढचा भाग १६१४ साली वेगळा केला गेला, तो आता रोममध्ये आहे. झेवियरही उठायची वाट पाहत आहेत, सिमितेरीतल्या कुणाही कुळवाड्याइतकेच.

विश्वास बसला नाही तर

हे सगळं सिद्ध करता येतं का? प्रयोगशाळेत नाही. पौलाने स्वतःच डाव उघड्यावर मांडला आहे: ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. इतकं स्पष्ट लिहिणाऱ्याला पळवाट नको होती. कबरीतून शिष्यांनीच देह पळवला, ही शंका तर मत्तयाच्या शुभवर्तमानातच नोंदलेली आहे.

शोकात असलेल्या माणसाला मात्र पुराव्यापेक्षा वेगळंच काही छळतं. 'क्रेद' तोंडपाठ असूनही आत काहीच वाटत नाही, हे. त्यासाठी चर्चच्या वर्षात एक दिवस आहे. ईस्टरआधीच्या शुक्रवारी येशूचा देह पुतळ्याच्या रूपात गावातून फिरवतात, घंटा मुक्या असतात, त्यांच्या जागी लाकडी मात्राक खडखडते. मग शनिवार येतो. दिवसभर मिस नाही, वेदी उघडी. तो दिवस कबरीचा असतो आणि त्याला घाईने ईस्टर करून टाकत नाहीत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रती तर स्त्रिया कबरीपासून भिऊन पळाल्या आणि कुणाला काही बोलल्या नाहीत, इथेच थांबतात. पुष्कळ घरांत तो शनिवार वर्षवर्षभर चालतो. अशा वेळी आशा एकट्याने पेलायची नसते. मिसेत ज्याला म्हणवत नाही त्याने गप्प राहावं, ओळी बाकीचे म्हणत असतात.

शेजारी म्हणून आपण काय करायचं? मयताला तर आपण जातोच. महिन्याच्या मिसेलाही जा, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. कोमुन्यांवाच्या वेळी (वेदीपुढे पवित्र भाकर घेताना) रांगेत न जाता बाकावर बसून राहिलं तरी चालतं, कुणी वावगं मानत नाही. बाहेर आल्यावर गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नका. तो कसा होता, कशाला हसायचा, तुमच्याकडे त्याची एखादी गोष्ट असेल तर ती सांगा. घरच्यांचा समज असा आहे की तो माणूस संपलेला नाही, तेव्हा त्याच्याविषयी बोलायला त्यांना जड जाणार नाही. डोळे भरून आले तर येऊ द्या.